बोर्स्टल म्हणजे सुधारगृहच का?

जुन्या कायद्यांचं मराठीकरण करणाऱ्या एकांनी विचारलं आहे, की मुंबई इलाख्याच्या १९२९ च्या बोर्स्टल शाळांच्या कायद्यातलं ‘बोर्स्टल’ म्हणजे काय, आणि तिथे सरळ ‘सुधारगृह’ लिहिलं तर चालेल का?

बोर्स्टल हे गावाचं नाव आहे. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात, रॉचेस्टरला लागून. तिथल्या तुरुंगांची पाहणी करणाऱ्या १८९५ च्या ग्लॅडस्टन समितीने सांगितलं होतं, की सराईत गुन्हेगार घडतात ते १६ ते २१ या वयात. ही पोरं मुरलेल्या कैद्यांत टाकली की बाहेर येतात ती तयार होऊनच. तुरुंग खात्याचे प्रमुख एव्हलिन रगल्स-ब्राइस यांनी अमेरिकेत जाऊन न्यूयॉर्क राज्यातली एल्मायरा रिफॉर्मेटरी (तरुण गुन्हेगारांना सुधारण्याची संस्था) पाहिली आणि १९०२ मध्ये बोर्स्टलच्या तुरुंगात फक्त तरुणांना ठेवून काम, शिक्षण, शिस्त असा प्रयोग मांडला. १९०८ च्या कायद्याने गावाचं नाव सगळ्या पद्धतीलाच दिलं. मुदत १ ते ३ वर्षं, पण प्रगती दिसली तर आधीच परवान्यावर सुटका.

पुढे तुरुंग आयुक्त अलेक्झांडर पॅटरसन यांनी हा विचार आणखी ताणला. १९३० मध्ये लंडनजवळच्या फेल्टमच्या बोर्स्टलमधली मुलं अधिकाऱ्यांबरोबर पायी नॉटिंगहॅमशरमधल्या लोडमला गेली आणि बिनभिंतींची संस्था त्यांनीच बांधायला घेतली. शिक्षा भोगणाऱ्यांवर इतका विश्वास टाकणं मला आजही थोर वाटतं. इंग्लंडमध्ये १९८२ च्या कायद्याने बोर्स्टल बंद झाली.

आता ‘सुधारगृह’. माझं स्पष्ट मत, नको. आपल्याकडे रिफॉर्मेटरी, म्हणजे सुधारगृहं, आधीपासून होत्या. मुंबईतली डेव्हिड ससूनची १८५७ ची. पण १८९७ चा रिफॉर्मेटरी कायदा १५ वर्षांखालच्या मुलांसाठी होता. बोर्स्टल त्याच्या पुढच्या वयासाठी आलं, ज्याला ना मूल म्हणता येत, ना पक्का कैदी. ‘सुधारगृह’ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर बालसुधारगृह येतं आणि हा फरकच पुसला जातो. ‘रिमांड होम’ तर त्याहून वेगळं: चौकशी चालू असेपर्यंत मुलांना ठेवायची जागा. बोलताना आपण सगळ्यालाच रिमांड होम म्हणतो, ते लिहिताना टाळावं.

महाराष्ट्राच्या कारागृह खात्याने नाशिकच्या बोर्स्टलला ‘किशोर सुधारालय’ म्हटलं आहे. शब्द चांगला आहे, वयही सांगतो. कायद्याच्या नावात मात्र ‘बोर्स्टल’ तसंच राहू द्या आणि पहिल्या उल्लेखाला ‘किशोर सुधारालय’ जोडा.