पाळी थांबली, आणि कारण पर्समध्ये

प्रश्न : वय 27, अविवाहित. तीन महिने पाळी नाही. छाती दाबली तर दुधासारखं पाणी येतं. आईला सांगायची सोय नाही, ती भलताच अर्थ काढेल. औषध कसलंच नाही, फक्त अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, चार महिने रोज सकाळी.

उत्तर : 'फक्त' म्हणालीस तिथंच मी थांबले. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाच. डोम्पेरिडोन किंवा लेवोसल्पिराइड लिहिलंय? ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात. बाळंतिणीला दूध आणणारं हे हार्मोन. ते वाढलं की मेंदूकडून बीजकोशांना जाणारा निरोप मंदावतो, बीज तयार होत नाही, पाळी लांबते. मेडिकलवाला हे सांगत नाही, आपणही विचारत नाही.

तरी आधी गरोदरपणाची तपासणी कर. लग्न झालेलं असो वा नसो, मी सगळ्यांनाच सांगते. मग रक्तातलं प्रोलॅक्टिन आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी. थायरॉइड मंद असेल तरी प्रोलॅक्टिन चढतं. कॅप्सूल थांबवून साधारण तीन दिवसांनी रक्त द्यावं, पण डॉक्टरांना विचारून. डोकं सतत दुखत असेल किंवा बाजूचं दिसेनासं झालं असेल, तर मात्र वाट पाहू नकोस. प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा एमआरआय लागू शकतो.

आणि आईला पाकीट दाखव.