दीपगृहच जागेवरून हललं तर?

प्रश्न : सर, मी सांगलीत विश्रामबागला राहते, भूगोल घेऊन एम.ए. करतीय. प्रोजेक्टला अमेरिकेतल्या हॅटरस बेटाचा किनारा आणि तिथले जहाजांचे चॅनल, म्हणजे ये-जा करायच्या पाणवाटा, दिलेत. 1880च्या दशकातला जुना चार्ट (जहाजांसाठीचा समुद्राचा नकाशा) दीपगृहावर पिन लावून सॅटेलाइट इमेजवर बसवला. दीपगृहापाशी किनारा बऱ्यापैकी जुळतोय, पण गाइड म्हणतात तिथं तर प्रचंड धूप झालीय, आणि अक्षांश-रेखांशाच्या रेघा पाऊण-एक किलोमीटर सरकल्यात. चार्ट चुकीचा का मी? खोलीचे आकडेपण जुळेनात.

उत्तर : अगं, पिन चुकली! ते दीपगृहच 1999 मध्ये उचलून साधारण 2900 फूट आत नेलंय, म्हणजे झालं की तुझं पाऊण-एक किलोमीटर. 1870 ला बांधलं तेव्हा समुद्र 1500 फुटांवर होता, वाळू जात जात तो शे-दीडशे फुटांवर आला, मग अख्खा मनोरा रुळांवरून सरकवला आणि नवीन जागीपण समुद्र पुन्हा जवळपास 1870 इतक्याच अंतरावर ठेवला, म्हणून तुझ्या नकाशात धूप गायबच झाली. मला तर हे वाचून हसूच आलं, राग मानू नकोस. आता दीपगृह सोड, चार्टवर छापलेल्या अक्षांश-रेखांशाच्या रेघांवर चार कोपऱ्यांत पिना लाव, फक्त जुन्या नि आजच्या रेखांशाच्या मोजणीत थोडा फरक असतो तो लक्षात ठेव.

खोलीचं म्हणशील तर आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी 45 फूट म्हटलं म्हणून कृष्णा सगळीकडं 45 फूट खोल समजतो का आपण? शून्य कुठला ते महत्त्वाचं. चार्टवर खोली ओहोटीच्या पाण्यापासून धरतात, जहाजाला निदान एवढं पाणी मिळावं म्हणून, आणि किनाऱ्याची रेघ मात्र भरतीची, एकाच कागदावर दोन हिशोब. शिवाय जुने आकडे कुठं फुटात कुठं फॅदममध्ये, एक फॅदम म्हणजे सहा फूट, चार्टवरची टीप वाच आधी.

चॅनलचं तर विचारूच नकोस. शाळेत वाळूचा दांडा शिकलो तसलंच हे प्रकरण, 1846 च्या एका वादळात हॅटरस आणि ओरेगॉन अशी दोन मुखं (वाळूच्या पट्ट्यातून समुद्रात जायच्या वाटा) फुटली, त्यातलं ओरेगॉन तेव्हापासून दोनेक मैल दक्षिणेला सरकलंय, गाळ काढणारी जहाजं सारखी लागतात. त्यामुळं चॅनलची प्रत्येक रेघ वेगळ्या लेयरमध्ये टाक आणि नावात सर्व्हेचं साल घाल, चार्ट छापल्याचं नव्हे.