पहिलं बाळंतपण माहेरी, पण नाव कुणाच्या यादीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला भोसरीत, बायकोला सातवा लागलाय, डोहाळजेवण झालं की ती परांड्याजवळच्या माहेरी जाणार. पहिलंच बाळंतपण, रेशनकार्ड केशरी. सरकारी लाभ मागायचे कुठे, भोसरीत की माहेरी? आणि सायबर कॅफेवाला फॉर्मचे तीनशे मागतोय, ते द्यायचे का?

तीनशे देऊ नका. फॉर्म आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेकडे फुकट भरला जातो. बाकीचं जरा सविस्तर सांगते, कारण अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून नोकरी केली तेवढी वर्षं मी हीच गळती बघत आले. इकडची आशा म्हणते, "ती गेली गावाला." गावची म्हणते, "ती पाहुणी, आमच्या यादीत नाही." दोघी खरंच बोलत असतात आणि पोरगी मधल्यामध्ये राहते.

तिसऱ्या महिन्यात मनपाच्या दवाखान्यात नाव घातलं म्हणता, ते फार बरं केलंत. तेव्हा मिळालेलं माता-बाल कार्ड कपड्यांच्या बॅगेत नको, तिच्या पर्समध्ये ठेवा. त्यावरच्या आरसीएच नंबरावर, म्हणजे सरकारी नोंदीतल्या तिच्या ओळख क्रमांकावर, पुढचं सगळं चालतं. गावात कोणी "नवीन कार्ड काढू" म्हणालं तर नको म्हणा. दोन कार्डं झाली की तपासण्या एकीकडे, लसी दुसरीकडे, आणि हप्ता लटकतो. निघण्याआधी भोसरीच्या सेविकेला पोषण ट्रॅकरवर (अंगणवाडीच्या मोबाइल ॲपवर) स्थलांतर नोंदवायला सांगा, म्हणजे घरपोच आहार गावच्या अंगणवाडीत मिळेल. (ती पाकिटं गोठ्यात रिकामी होताना मी पाहिली आहेत. तुमच्याकडे तसं करू नका, निदान थालीपिठात घाला.)

पैशाचं म्हणाल तर मुख्य योजना केंद्राची, प्रधानमंत्री मातृवंदना. पहिल्या अपत्याला ५,००० रुपये: वेळेत नोंदणी आणि एक तपासणी झाली की ३,०००, बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतचे डोस झाले की २,०००. रेशनकार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का असेल तर पात्रतेला तेवढं पुरतं, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे नकोत. आधारवर माहेरचं नाव असेल तर आता बदलायला जाऊ नका, अर्जात आधारवर आहे तसंच लिहा. खरी मेख बँकेत आहे. पैसे तुम्ही सांगाल त्या खात्यात जात नाहीत, आधारला शेवटचं जोडलेलं जे खातं असेल त्यात जातात. माझ्या बीटमधली, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांच्या हद्दीतली, एक सून वर्षभर "पैसे आलेच नाहीत" म्हणत होती. शेवटी सापडले, कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या खात्यात. पासबुक माहेरच्या ट्रंकेत, बारावीच्या गुणपत्रिकेखाली! तेव्हा या आठवड्यातच बँकेत जाऊन कुठलं खातं जोडलंय ते विचारून घ्या.

दवाखान्यात बाळंतपण केलं तर जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात ७०० रुपये आहेत, पण ते दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायकांना. मुलगी झाली तर लेक लाडकीसाठी, म्हणजे मुलींना टप्प्याटप्प्याने पैसे देणाऱ्या राज्याच्या योजनेसाठी, केशरी कार्ड चालतं, उत्पन्न मात्र वर्षाला एक लाखाच्या आत हवं. अर्ज अंगणवाडीतच.

माझ्या मते या पाच हजारांहून मोठी गोष्ट फुकट मिळते आणि तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर लागलं तर तेही, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, नेणं-आणणं, सगळं विनामूल्य आहे, रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असो. गाडीसाठी १०२, जीवावर बेतलं तर १०८. बाहेरून औषध आणायला चिठ्ठी दिली तर तिथेच वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा, भिडेखातर गप्प बसू नका.

घरी आल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येते. म्हणजे आपला सव्वा महिना जवळपास भरतो. झोळीच्या काट्यात बाळाचं वजन करते, ताप बघते, घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजते. साठ किंवा जास्त भरले तर धोका, लगेच दवाखाना. हे सुचलं कुठे? आपल्याच गडचिरोलीत. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत हे केलं, तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले, १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणून सांगते, "बाळंतिणीच्या खोलीत बाहेरची बाई नको" असं सासूबाईंनी वा आईंनी म्हटलं तर समजूत काढा. आशाताई आधी हात धुते, घरातले कितीजण धुतात ते बघा. आणि तिला आत्ताच फोन करून तारीख सांगून ठेवा, नाहीतर पाहुणीचा पत्ता तिला लागायचा कसा?

जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथलीच होते, २१ दिवसांत केली तर शुल्क नाही. दाखला रुग्णालयातूनच घेऊन निघा, नाहीतर भोसरीहून परत खेप घालावी लागते. लसी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना असतात. तुम्ही तिला तिसऱ्या महिन्यात आणणार असाल तर साडेतीनचा डोस भोसरीत येतो. तो त्याच कार्डावर चढवून घ्या, दुसरा हप्ता त्यावरच अडलेला असतो.