संपाच्या मागे उभं राहायचं, तर आधी हिशेब मांड

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इबादानला पोचून महिना होतो न होतो तोच तुमच्या गटाने ठरवलं की नायजेरियातल्या विद्यापीठांत प्राध्यापकांचा पुढचा संप होईल तेव्हा लोकांना त्यांच्या बाजूने उभं करायचं. सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. सुरुवात आजच कर, संपाची वाट बघू नकोस. संप पुकारल्यावर पाठिंबा गोळा करायला गेलं की उशीर झालेला असतो. तोवर घराघरांत आई-बाप मुलाचे वाया चाललेले महिने मोजायला लागलेले असतात, आणि त्या वेळी मागण्या ऐकण्याइतका धीर कुणाच्यात उरत नाही.

ते महिने किती, ते आधी नीट लक्षात घे. प्राध्यापकांच्या संघटनेला तिथे सगळे ‘आसू’ म्हणतात. १९७८ साली ती स्थापन झाली, आणि लष्करी राजवटीने १९८८ आणि १९९२ अशी दोनदा तिच्यावर बंदी घातली. २०१३ चा संप साडेपाच महिने चालला. २०२० मध्ये मार्चपासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे नऊ महिने. २०२२ मध्ये १४ फेब्रुवारी ते १४ ऑक्टोबर, आठ महिने. २०१९ साली चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसलेल्या मुलीचे नुसत्या या शेवटच्या दोन संपांत सतरा महिने गेले. पदवी हाती येताना वयाची तिशी ओलांडली, तर राष्ट्रीय युवासेवेचं, म्हणजे पदवीनंतरच्या सरकारी सेवेचं, वर्ष मिळत नाही, हातात नुसतं सूट दिल्याचं प्रमाणपत्र येतं. ही धास्ती तिथल्या पालकांच्या मनात कायम असते. ती खोटी आहे असं कधी म्हणू नकोस. त्या दुःखाला जागा देऊन मग बोललीस तरच लोक ऐकतील.

२०२२ चा संप लांबत कसा गेला तेही तोंडपाठ असू दे. तो चार आठवड्यांचा इशारा संप म्हणून सुरू झाला. मग आठ आठवडे वाढवला, मग बारा, मग आणखी चार. २९ ऑगस्टला बेमुदत केला. दर वाढीच्या वेळी संघटनेचं म्हणणं तेच होतं, की सरकारकडून कागदावर ठोस काही आलेलं नाही. म्हणणं खरं होतं. पण ऐकणाऱ्याला फक्त ‘आणखी आठ’, ‘आणखी बारा’ एवढंच ऐकू आलं. प्रत्येक वाढीच्या दिवशी ‘या चार आठवड्यांत बैठका किती झाल्या, सरकारने काय देऊ केलं, काय राहिलं’ असा एका पानाचा जमाखर्च बाजारात पोचला असता, तर लोकांचा राग योग्य दाराशी गेला असता. तुमच्या गटाचं मुख्य काम हेच, हिशेब मांडणं आणि तो दारोदारी पोचवणं.

त्यासाठी तीन कागद मिळवून ओळ न् ओळ वाच. पहिला सरकार आणि संघटनेतला २००९ चा करार, ज्याच्या भोवती पुढचे बहुतेक संप फिरले. दुसरा २०१२ चा सार्वजनिक विद्यापीठांच्या गरजांचा अहवाल. तो सरकारनेच नेमलेल्या समितीचा आहे, म्हणून तुझ्या हातातलं सगळ्यात भक्कम हत्यार तोच. त्यात ३७,५०४ अध्यापकांपैकी १६,१२७ जणांकडेच, म्हणजे सुमारे ४३ टक्क्यांकडे, पीएच.डी. होती. अबुजा विद्यापीठात एका अध्यापकामागे १२२ विद्यार्थी होते, लेगॉस राज्य विद्यापीठात ११४. तिसरा कागद डिसेंबर २०१३ चा सामंजस्य करार. त्यात सरकारने विद्यापीठांच्या डागडुजीसाठी सहा वर्षांत १ लाख ३० हजार कोटी नायरा देण्याचं मान्य केलं. पहिल्या वर्षी २० हजार कोटी, पुढची पाच वर्षं दरसाल २२ हजार कोटी. बेरीज करून बघ, बरोबर जमते. पहिल्या हप्त्याची रक्कम निघाली, पुढचे हप्ते ठरल्याप्रमाणे आले नाहीत. संपाचं निम्मं कारण या एका वाक्यात आहे, आणि ते बाजारातल्या कुठल्याही बाईला दोन मिनिटांत समजावता येतं. उधारीचा पहिला हप्ता देऊन पुढे तोंड लपवणारं गिऱ्हाईक तिने पाहिलेलं असतं.

आता एक चूक सांगतो, जी तिथले चांगले चांगले वक्ते करतात. ‘युनेस्कोने अर्थसंकल्पाचे २६ टक्के शिक्षणावर खर्च करायला सांगितलंय’, हे वाक्य तुला सभांत, फलकांवर, वर्तमानपत्रांत भेटेल. युनेस्कोचा असा दंडक नाही. २०१५ च्या, शिक्षणाबद्दलच्या इंचॉन जाहीरनाम्याच्या चौकटीत जे आहे ते असं: सरकारी खर्चाच्या १५ ते २० टक्के, किंवा देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपी) ४ ते ६ टक्के. नायजेरियाचा केंद्रीय अर्थसंकल्प बहुतेक वर्षं शिक्षणाला दहा टक्केही देत नाही. म्हणजे खरा आकडा घेतला तरी तुमची बाजू पडत नाही. खोटा घेतला, तर मंत्र्याचा एक हुशार सचिव टीव्हीवर तो खोडून काढेल आणि त्यासोबत तुमचे सगळे खरे आकडेही बुडतील. आणखी एक, केंद्राच्या टक्क्यात राज्यांचा शिक्षणखर्च धरलेला नसतो. राज्य विद्यापीठांबद्दल बोलताना त्या त्या राज्याचा अर्थसंकल्प वेगळा काढायला हवा.

‘संपाने काय मिळालं?’ हा प्रश्न तुला शंभरदा ऐकावा लागेल. त्याचं उत्तर तुझ्या आवारातच उभं आहे. वाचनालय, प्रयोगशाळा, व्याख्यानगृह, ज्या ज्या इमारतीवर ‘टेटफंड’ची, म्हणजे शिक्षणकरातून उभ्या राहिलेल्या सरकारी निधीची, पाटी आहे तिचा फोटो घे आणि पाटीवरचं वर्ष टिपून ठेव. १९९२ च्या लढ्यातून शिक्षणकराची मागणी मान्य झाली, १९९३ मध्ये कायदा झाला, आणि कंपन्यांच्या नफ्यावर २ टक्के शिक्षणकर लागला. २०११ मध्ये त्या निधीला आजचं नाव मिळालं. २०२१ मध्ये दर अडीच टक्के आणि २०२३ मध्ये तीन टक्के झाला. या पैशातून पगार होत नाहीत. इमारती, संशोधन, अध्यापकांचं उच्च शिक्षण यांवर तो जातो. ज्या वर्गात मुलगा बसतो तो वर्ग बापाच्या पिढीतल्या संपातून आलाय, हे बहुतेक घरांत कुणी सांगितलेलंच नसतं. नकाशावर अशा इमारतींना रंग देऊन तो एका पानावर छाप. माझ्या मते दहा भाषणांपेक्षा हा नकाशा जास्त बोलेल.

पण त्याच फेरीत अर्धवट पडलेल्या इमारतीही टिपायच्या. इथे पाठिंबा आणि सुधारणा एकमेकांना भेटतात. पैसा आला, पण आवारात कुठे गेला, हे विचारल्याशिवाय सरकारकडे जास्त पैसा मागायचा अधिकार टिकत नाही. त्यासाठी २०११ चा माहिती स्वातंत्र्याचा कायदा वापर. अर्ज लेखी दे, पोचपावती घे. सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं, फार तर आणखी सात दिवस वाढवता येतात. नकार मिळाला तर तीस दिवसांच्या आत न्यायालयात जाता येतं. अर्ज फसतात ते मोघमपणामुळे. ‘निधीची सर्व माहिती द्या’ असं लिहिलंस तर काही हाती लागणार नाही. एका अर्जात एक वर्ष, एक इमारत, तीन प्रश्न: मंजूर रक्कम किती, ठेकेदाराला दिली किती, काम पूर्ण झाल्याचा दाखला कुठल्या तारखेचा. अर्ज तिथल्या नागरिकाच्या नावाने जाऊ दे. तू परकी आहेस, व्हिसावर आहेस. मोर्च्यात पुढे राहू नकोस, व्यासपीठावर बसू नकोस. तुझी जागा कागदांपाशी.

केंद्रीय विद्यापीठांच्या चौकशी समित्यांचंही बघ. कायद्याने त्या दर पाच वर्षांनी नेमायच्या असतात. २०२१ मध्ये नेमल्या तेव्हा २०११ ते २०२० अशी दहा वर्षं एकदम तपासायची वेळ आली. ‘समितीचा अहवाल आणि त्यावरचा सरकारी निर्णय जाहीर करा’ ही मागणी पालक, विद्यार्थी आणि संघटना तिघांना मिळून करता येते, आणि तिला पैसाही लागत नाही.

माणसं जोडताना आधी बाजारात जा. बोडिजा बाजारातल्या विक्रेत्या बायकांच्या प्रमुख, ज्यांना ‘इयालोजा’ म्हणतात, त्यांना रीतीने भेट. सोबत योरुबा नीट बोलणारी वडीलधारी बाई असू दे. विद्यापीठ बंद पडलं की तांदूळ, गारी म्हणजे कसावाचा रवा, भाजी, छायाप्रतींची दुकानं, बुका म्हणजे छोट्या खाणावळी, सगळ्यांचं गिऱ्हाईक तुटतं. त्यांचा तोटा त्यांच्याच तोंडून नोंदव. पत्रक बाजारात योरुबात, साबो भागात हौसा भाषेत, गाड्यांच्या अड्ड्यावर पिजिनमध्ये, म्हणजे तिथल्या मिश्र इंग्रजीत. त्यावर आकडे चारच: कबूल किती, आले किती, बंद किती दिवस, मागणी काय. पाचवा आकडा घातला की कुणी वाचत नाही. शुक्रवारच्या नमाजानंतर आणि रविवारी चर्चमध्ये दोन मिनिटांचं निवेदन मिळालं तर घे, पण कुठल्याही पक्षाचा उमेदवार शेजारी उभा नसल्याची खात्री करून. कामगार महासंघाची स्थानिक शाखा विसरू नकोस. २०२२ च्या जुलैत २६ आणि २७ तारखेला महासंघाने प्राध्यापकांसाठी देशभर निदर्शनं केली, आणि संप फक्त आवारातला राहिला नाही. त्याच सप्टेंबरात विद्यार्थ्यांनी लेगॉसच्या विमानतळाचा रस्ता अडवला. त्यांचा संताप मला पूर्ण समजतो, पण त्या दिवशी चर्चा झाली ती वाहतूककोंडीची. रस्ता अडवण्याचा प्रस्ताव आला तर त्याऐवजी बाजारात, सकाळच्या गर्दीत, उघड्यावर वर्ग भरवा असं सुचव.

आणि एका गोष्टीवर गप्प बसू नकोस. पैसे देऊन गुण मिळवणं, नोट्स सक्तीने विकणं, विद्यार्थिनींचा छळ, हे लोकांना माहीत आहे. २०१९ मध्ये बीबीसीने छुप्या चित्रणातून लेगॉस विद्यापीठातला छळ दाखवला. २०२० मध्ये सिनेटने, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाने, त्याविरुद्धचं विधेयक मंजूर केलं. ज्या आईच्या मुलीला असा अनुभव आला, तिच्याकडे तू ‘गुरुजनांसाठी’ सही मागायला जाशील तर ती दार लावून घेईल, आणि तिचं बरोबर असेल. संघटनेच्या शाखेशी आधी बोलून ठेव: तक्रारपेटी, तक्रारींच्या समितीत बाहेरची एक सभासद, निकालाची मुदत, हे त्यांनी लेखी मान्य केलं तरच पाठिंबा. शाखेतले प्रामाणिक लोक याला आनंदाने तयार होतील. संख्येने तेच जास्त आहेत.

‘काम नाही तर पगार नाही’ हा वाद तर होणारच. त्यांच्या औद्योगिक विवाद कायद्याचं ४३ वं कलम संपाच्या काळातला पगार नाकारतं. २०२२ मध्ये औद्योगिक न्यायालयाने २१ सप्टेंबरला कामावर परतायला सांगितलं. संप थांबला, आणि ऑक्टोबरचा पगार फक्त परतल्यानंतरच्या दिवसांचा आला. वर्षभराने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, अडकलेल्या पगारातले चार महिने द्यायला मंजुरी मिळाली. पालकांना यातला मुद्दा असा सांग की बुडालेलं सत्र प्राध्यापक नंतर शिकवतातच, ते काम माफ होत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात २०१३ साली परीक्षांच्या कामावर बहिष्कार पडला होता, तेव्हाही ७१ दिवसांच्या पगाराचा असाच वाद झाला. पगार थांबला की दुसऱ्या महिन्यापासून औषधं आणि घरभाडं अडतं. मदतनिधी काढायचा असेल तर संपाआधी काढ. खात्यावर तीन सह्या, त्यातली एक पालकाची. आधी औषधं आणि धान्य, रोख अगदी शेवटी. हिशेब दर शनिवारी भिंतीवर.

संप संपतो तेव्हा बहुतेक समर्थक घरी जातात, आणि नेमकं तेव्हाच काम वाढतं. पंधरा आठवड्यांचं सत्र आठ-दहा आठवड्यांत कोंबलं जातं, प्रात्यक्षिकं गळतात, आणि त्याचा राग पुढच्या संपावर निघतो. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन कागद मागा. एक, भरपाईचं वेळापत्रक, आठवड्याच्या आत, शिकवण्याचे किमान आठवडे लिहिलेलं. दुसरा, करारातल्या प्रत्येक रकमेपुढे तारीख. २०२५ मध्ये केनियातल्या प्राध्यापकांनी ४९ दिवसांचा संप मागे घेतला तेव्हा ७९० कोटी शिलिंगांची थकबाकी दोन हप्त्यांत देण्याचं ठरलं, आणि दोन्ही हप्त्यांचे महिने ठरवून घेतले. नायजेरियाच्या २०१३ च्या करारात वर्षं होती, तरी पुढचे हप्ते ठरल्याप्रमाणे आले नाहीत.

तुझा पहिला अर्ज याच आठवड्यात जाऊ दे. आवारातली एकच इमारत निवड, शक्यतो जिचं काम कित्येक वर्षं पहिल्या मजल्यावर थांबलंय अशी. मसुदा मला पाठव, पाठवण्याआधी प्रश्न एकदा बघून देतो.

कळावे.