व्हीईपी शिकताय? आधी केसांतलं तेल बघा

व्हीईपी म्हणजे डोळ्याला चित्र दाखवून मेंदूत उठणारा विजेचा प्रतिसाद डोक्याच्या कातडीवरून मोजणं. कोल्हापुरात पेशंटच्या डोक्याला तेल असणार, हे धरूनच चला. अपॉइंटमेंट देतानाच सांगा: आदल्या रात्री शाम्पू, सकाळी तेल नको, चष्मा बरोबर आणा. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरा. ३६ सेंमी भरलं तर उंचवट्याच्या ३.६ सेंमी वर (म्हणजे दहा टक्क्यांवर) इलेक्ट्रोडची खूण. केस फाकवून कातडी दिसेपर्यंत घासा, मगच पेस्ट. इम्पीडन्स (कातडी आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा) ५ किलोओमच्या खाली आणि सगळ्या इलेक्ट्रोडचा जवळपास सारखा हवा, नाहीतर विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आत शिरते. पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्या चौकटी सेकंदाला नेमक्या २ वेळा उलटवू नका. ५० ला २ ने भाग जातो आणि ती गुणगुण सरासरीत साठत राहते. १.९ ठेवा.

एक डोळा झाकून १०० प्रतिसादांची सरासरी, मग तेच पुन्हा. दोन रेघा एकमेकींवर बसल्या नाहीत तर पी१०० (साधारण १०० मिलिसेकंदांना येणारी मुख्य लाट) मोजूच नका. १०० चे ४०० केले तरी गोंगाट निम्माच होतो, म्हणून आधी स्नायूंचा गोंगाट टाळायला मान सैल आहे का बघा. राधानगरीहून पहाटेच्या एसटीने आलेला माणूस अंधाऱ्या खोलीत पेंगतो, नजर ढळते, लाट चपटी होते, उशिराही येते. डोळ्याच्या निरोगी नसेवर दोष यायला एवढं पुरतं! नजर पडद्यामधल्या ठिपक्यावर आहे का, हे मॉनिटरवर नव्हे, त्याच्या डोळ्यांत बघा.