ब्रेड तुटला की आधी टिपची रिंग बघा

गळाच्या मासेमारीबद्दल यावेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच जागेभोवती फिरतायत, रॉडचं टोक म्हणजे टिप, आणि त्यातून जाणारी लीडरची, म्हणजे मुख्य दोऱ्याच्या पुढे जोडलेल्या जाड दोऱ्याच्या तुकड्याची, गाठ. कुणी ब्रेडला, म्हणजे विणलेल्या मुख्य दोऱ्याला, दोष देतंय, कुणी गाठीला. माझं म्हणाल तर हे दोन वेगळे विषय नाहीतच, गाठ जाडी असली की ती टिपवर आपटून रिंग फोडते आणि फुटलेली रिंग मग ब्रेड कापते, म्हणून आज सगळं एकत्रच घेतोय.

प्रश्न: दादा, माझा सात फुटी स्पिनिंग रॉड आहे, ऐरोलीच्या बाजूला खाडीत जिताड्यासाठी जातो. मागच्या उधाणाला टिपच्या गाईडमधली, म्हणजे दोरा जातो त्या कडीतली, काळी रिंग कुठेतरी पडली, आता नुसती धातूची चौकट राहिलीय. दुकानदार म्हणाला चालेल, तसाच वापरा. पण २० पौंड ताकदीचा ब्रेड आता कास्ट मारतानाच, म्हणजे दोरा फेकतानाच, तुटतो आणि ल्यूर (नकली आमिष) जाते पाण्यात. चांगला टिकणारा ब्रेड कुठला घेऊ?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: ब्रेड अजिबात घेऊ नका, आधी टिप बदला. ती काळी रिंग सिरॅमिकची असते, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साईड नाहीतर सिलिकॉन कार्बाइड, आणि ती दिसायला छोटी असली तरी सगळं काम तीच करते. कास्ट मारताना दोरा सगळ्यात जास्त घासतो तो टिपवर आणि मासा ओढत असताना तर तिथेच काटकोनात वळतो. रिंग गेली की दोरा धातूच्या कडेवर घासणार आणि ती कड दोरा घासायला बनवलेलीच नसते. साधा तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकसंध दोरा, असता तर कदाचित थोडे दिवस चालून गेलं असतं पण ब्रेड म्हणजे बारीक बारीक धाग्यांची वीण, त्यातले दोनचार धागे रोज तुटतात, आपल्याला दिसत नाहीत, आणि एक दिवस जोरात कास्ट मारला की खाडकन जातो. "तसाच वापरा" हा सल्ला ब्रेडसाठी चुकीचाच आहे.

रिंग जागेवर असली तरी तडा असू शकतो, तो डोळ्यांना दिसेलच असं नाही. कानात घालायचा कापसाचा बड घ्या आणि प्रत्येक गाईडच्या आतून गोल फिरवा, कुठे कापूस अडकला, तंतू ओढला गेला, तर तिथे तडा आहे असं समजा. हे सगळ्या वाचकांसाठी सांगतोय, पावसाळा संपून रॉड बाहेर काढाल तेव्हा हे पहिलं काम.

आता बदलायची कशी. टिपच्या मागे जी धातूची नळी असते फक्त तिलाच लायटर दाखवायचा, दोनतीन सेकंद, मग बाजूला, परत दोनतीन सेकंद. ज्वाला कार्बनच्या काठीला लागता कामा नये कारण कार्बनचे तंतू रेझिनने धरलेले असतात आणि तापलं की रेझिन मऊ पडतं, मग टोक तिथून मोडणार हे ठरलेलंच. डिंक सुटला की पक्कडीने हलकं धरून सरळ पुढे ओढा, पिळू नका. नळी भाजते, बोटाने धरू नका.

नवीन टिप घेताना "मोठी द्या, छोटी द्या" असं सांगून चालणार नाही. व्हर्नियरने काठीच्या टोकाची जाडी मोजा. टिपच्या नळीचे नंबर बरेचदा इंचाच्या चौसष्टाव्या भागात असतात, म्हणजे ५ नंबर जवळपास २ मिमी आणि ६ नंबर जवळपास २.४ मिमी. काही कंपन्या थेट मिलिमीटर लिहितात, ते विचारून घ्या. शक्य असेल तर रॉडच घेऊन जा दुकानात, सगळ्यात सोपं. नळी घट्ट बसत नाही म्हणून काठी घासून बारीक करू नका, एक नंबर मोठी टिप घ्या आणि थोडं ढिलं वाटलं तर शिवणाचा दोरा एक थर गुंडाळून बसवा.

चिकटवायला टिपसाठी मिळणारा गरम करून लावायचा डिंक सगळ्यात चांगला, कारण पुढच्या वेळी परत तापवून काढता येतो. तो नाही मिळाला तर ग्लू गनची कांडी चालते, फक्त मे महिन्यात बंद गाडीत उन्हात रॉड ठेवाल तर ती मऊ पडू शकते. दोन ट्यूबवालं अ‍ॅरल्डाइट पण चालतं, साध्या प्रकाराला पूर्ण दिवसभर सुकू द्या. फेव्हिक्विक नको, ते एका क्षणात धरतं आणि टिप वाकडी बसली तर फिरवायला वेळच मिळत नाही, शिवाय ठिसूळ असतं. बसवल्यावर लगेच रिळच्या बाजूने डोळा लावून बघा, सगळ्या गाईड आणि टिप एका रेषेत यायला हव्यात. डिंक गरम आहे तोवरच फिरवून घ्या.

आणि हो, ब्रेडचा पुढचा भाग जेवढा त्या टिपवरून गेलाय तेवढा कापून टाका, मगच नवीन लीडर बांधा. बाकीचा ब्रेड नखावरून ओढून बघा, खरखरीत लागला नाही तर तोच वापरा, नवीन घ्यायची गरज नाही.

प्रश्न: ठाण्याला उतरताना लोकलच्या दारात काठीचं टोक अडकलं आणि साधारण चार बोटं मोडलं. रॉड जवळपास नवीन आहे. टाकून द्यायचा का?
– एक वाचक, कोलशेत

उत्तर: नाही हो, चार बोटांनी काही होत नाही. जिथे मोडलंय तिथले तंतू चिरलेले असतील, त्याच्या थोडं खाली जिथे काठी निरोगी आहे तिथे मास्किंग टेप गुंडाळा आणि बारीक कानशीने गोल फिरवत कापा. पक्कड किंवा कटरने दाबून तोडू नका, कार्बन चिरडतो आणि चीर खाली पळते. मग बारीक पॉलिश पेपर ओला करून कड गुळगुळीत करा, ओला यासाठी की कार्बनची धूळ नाकात जाऊ नये, मास्क लावलात तर उत्तम. टोक आता जाड झालंय म्हणून टिप पण मोठ्या नंबरची लागेल. मोडलेली जागा पुढच्या गाईडच्या अगदी जवळ असेल तर ती गाईड काढून तिथेच टिप बसवा.

रॉड थोडा कडक लागेल, हलकी ल्यूर पूर्वीइतकी लांब जाणार नाही, शिंगाळ्यासाठी वजन लावून टाकत असाल तर फरक फारसा जाणवणार नाही. पण रॉड मधोमध मोडला असता तर मी वेगळं सांगितलं असतं, आत नळी घालून जोडता येतो पण मोठ्या माशाला तो भरवशाचा नाही. पुढच्या वेळी ट्रेनमधून नेताना दोन्ही भाग वेगळे करून पीव्हीसीच्या पाइपात घाला, प्लंबिंगच्या दुकानात मिळतो.

प्रश्न: मी करावे गाव, सारसोळे या बाजूला जातो. लीडरला डबल युनी गाठ बांधतो पण ती गाईडमधून जाताना टक टक आवाज येतो आणि कास्ट जवळच पडतो. मित्र म्हणतो एफजी गाठ बांध, ती बांधली तर दोनदा सरकून सुटली. मग नक्की कुठली गाठ घ्यायची?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: आधी एक सांगा, तुमची गाठ गाईडच्या आत जायलाच हवी का? लीडर दीडदोन फुटांचाच ठेवलात तर कास्ट मारताना गाठ टिपच्या बाहेरच राहते, मग डबल युनी असू दे नाहीतर काहीही, टक टक होणारच नाही. फक्त रिळ गुंडाळताना गाठ टिपवर आणून आपटू नका. स्विव्हलचं, म्हणजे दोरा पिळू नये म्हणून लावतात त्या फिरत्या कडीचं, पण तेच, स्विव्हल टिपला आदळून रिंगला तडा गेलेले कितीतरी रॉड माझ्याकडे येतात.

पण आपल्या खाडीत लांब लीडरचा फायदा खरा आहे. कालवं लागलेले दगड, तिवरांची मुळं, जेट्टीचे खांब, आणि जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची धार तर ब्रेड लागला की कापतेच. मासा कडेला आला की चारपाच फूट जाड लीडर हाताशी असलेला बरा वाटतो. मग गाठ गाईडमधून जाणार आणि तिथे एफजीला पर्याय नाही असं माझं मत आहे. इतर गाठींमध्ये लीडर दुमडला जातो, एफजीमध्ये लीडर सरळच राहतो, फक्त ब्रेड त्याच्याभोवती उलटसुलट विळखे घालतो आणि ओढलं की त्यात रुततो. म्हणून ती सगळ्यात बारीक.

तुमची सरकली याचं कारण बहुतेक एकच, विळखे घालताना ब्रेड ताणलेला नव्हता किंवा शेवटी पुरेसं ओढलं नाही. ब्रेडचं एक टोक दातात धरा, दुसरं रॉडकडून ताणलेलं ठेवा आणि लीडर एकदा वरून एकदा खालून असे २० च्या आसपास विळखे पडू द्या, प्रत्येक विळखा शेजारच्याला टेकलेला हवा, एकावर एक चढलेला नको. मग एकदोन अर्ध्या गाठी मारा, थुंकीने ओलं करा आणि हातमोजा घालून नाहीतर काडीला गुंडाळून जोरात ओढा, ब्रेडचा रंग गडद दिसायला लागला की तो रुतला. तोपर्यंत लीडरचं टोक कापायचं नाही. नंतर आणखी तीनचार अर्ध्या गाठी, मग लीडर गाठीच्या अगदी लगत कापा, आणि त्यापुढे नुसत्या ब्रेडवर पण दोनतीन मारा. या शेवटच्या महत्त्वाच्या आहेत कारण लीडरचा कापलेला ठोंब रिळच्या बाजूला तोंड करून असतो, कास्टला तो त्रास देत नाही पण गुंडाळताना टिपच्या रिंगला तोच अडतो, या गाठींनी तो उतार होतो.

लायटरने टोक वितळवायची सवय असेल तर जपून, ब्रेड पॉलिथिलीनचा असतो, १५० अंशांच्या आसपासच वितळतो, नायलॉन त्याहून कितीतरी नंतर. म्हणजे तुम्ही लीडरचं टोक गोल करायला जाल आणि शेजारचा ब्रेड नकळत कमजोर होईल.

एफजी घरी बसून शिका, खाडीवर वाऱ्यात नाही. जाग्यावर लीडर तुटला आणि पाणी भरतंय, मासा चालू आहे, तर अल्बर्टो गाठ बांधा, लीडरचा फास करून ब्रेडचे सात वेढे पुढे आणि सात मागे, आणि ज्या बाजूने आत गेला त्याच बाजूने बाहेर. एफजीपेक्षा जाडी पण डबल युनीपेक्षा सुटसुटीत, एका मिनिटात होते. कुठलीही गाठ बांधली की कास्ट मारायच्या आधी हाताने टिपमधून पुढेमागे ओढून बघा. दोन्हीकडे न अडकता गेली पाहिजे. तुमच्या टिपची रिंग साडेचार नंबरची असेल तर लक्षात घ्या तो नंबर रिंगच्या बाहेरच्या मापाचा, आतलं भोक त्याहून बरंच लहान, तिथे ४० पौंडाच्या लीडरची डबल युनी आपटणारच.

कापलेले तुकडे मात्र खिशात, पाण्यात नाही. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, फ्लेमिंगो चिखलात पाय घालून चरतात आणि ब्रेड कुजत नाही.

प्रश्न: काका, मी कॉलेजला आहे, बजेट कमी आहे. लीडरला फ्लोरोकार्बनचाच दोरा हवा का? सगळे म्हणतात तो पाण्यात दिसत नाही.
– एक वाचक, कळवा

उत्तर: अरे, आपल्या खाडीच्या पाण्यात तुझा हात घातलास तरी बोटं दिसत नाहीत, तिथे लीडर दिसतो की नाही याची चिंता नको करूस. फ्लोरोचा प्रकाश वाकवण्याचा आकडा साधारण १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५ च्या वर, म्हणून स्वच्छ पाण्यात तो खरंच कमी दिसतो. पण गढूळ पाण्यात त्या गोष्टीला पैसे मोजू नकोस. ३० ते ४० पौंडाचा चांगला नायलॉन तंगूस घे, तो थोडा मऊ असल्यामुळे त्यावर गाठ पण नीट बसते. प्रत्येक माशानंतर शेवटचा फूटभर बोटांतून ओढून बघ, खरखरीत लागला की तेवढा काप आणि ल्यूर परत बांध. वाचलेल्या पैशात एक जास्तीची टिप आणि डिंकाची कांडी घेऊन बॅगेत टाक.