ताब्याचं पहिलं अपील

बेळगाव, रविवार

प्रिय वकीलसाहेब,

(सनद हातात आली, आता असंच म्हणायला हवं.)

मुलाचा ताबा आईला देणाऱ्या निकालावर बापाच्या वतीने तू केलेला अपिलाचा मसुदा वाचून काढला. इंग्रजी चांगलं आहे, माझ्यापेक्षा चांगलं. पण मुद्दे वाचताना सारखं वाटत होतं की हे अपील निकालाविरुद्ध नाही, मुलाच्या आईविरुद्ध आहे. तिची नाइट ड्यूटी, तिच्या भावाचं पिणं, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, सासूला उलट बोलली तो प्रसंग. अशिलाच्या मनात हे खदखदतंय, आणि त्याने ते तुझ्या हातून कागदावर उतरवून घेतलं. त्याचं गाऱ्हाणं ऐकून घेणं हे आपलं कामच आहे. पण ते जसंच्या तसं नेऊन हायकोर्टात ओतायचं नसतं.

कुटुंब न्यायालयाच्या निकालावरचं अपील दोन न्यायमूर्तींपुढे चालतं, १९८४ च्या कायद्यातलं कलम १९ तसं सांगतं. ते दोघे तुझ्या अशिलाच्या बायकोला ओळखत नाहीत आणि ओळखून घ्यायची त्यांना गरजही नाही. त्यांच्यापुढे निकालपत्र असतं आणि खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड असतं. खालच्या न्यायाधीशांनी मुलाचं हित कशात आहे हे कशावरून ठरवलं आणि ठरवताना काय सुटलं, एवढंच ते विचारणार. तुझ्या मसुद्यात याचं उत्तर नाही. निकालपत्रात मात्र आहे, आणि तू त्यावरून नुसता पुढे गेलास.

निकालपत्रातला तो परिच्छेद पुन्हा वाच. न्यायाधीशांनी १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ घेतलंय, की पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं. अर्ज दाखल झाला तेव्हा पोरगा चार वर्षांचा होता. निकाल लागला तेव्हा आठ पूर्ण. तारखांवर तारखा पडत गेल्या आणि मधल्या काळात ते कलम त्याच्या वयाने मागे टाकलं, तरी निकालाचा सगळा भार त्याच एका वाक्यावर ठेवलाय. हा खरा मुद्दा. नाइट ड्यूटी नव्हे.

दुसराही त्याला लागूनच आहे. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याचं कलम १७ म्हणतं, मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर कोर्ट ती विचारात घेऊ शकतं. आठ वर्षांच्या मुलाशी न्यायाधीशांनी चेंबरमध्ये बोलल्याची एकही नोंद निकालात दिसत नाही. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत, आहे का ते बघ. नसेल तर तेही लिही, पण बेताने लिही. कारण मुलाचं म्हणणं विचारात घ्यायचं असतं, ते पाळायलाच हवं असं नाही. २००८ च्या नीलरतन कुंडू प्रकरणात सुप्रीम कोर्टाने वडिलांना दिलेला ताबा रद्द केला. वडिलांवर चालू असलेला फौजदारी खटला आणि त्यांच्याकडे जायला मुलाने दिलेला नकार, दोन्हींना खाली पुरेसं वजन दिलं नव्हतं. उलट २०१७ च्या विवेक सिंग प्रकरणात मुलगी दोन वर्षांचीही नव्हती तेव्हापासून वडिलांकडे वाढलेली, आणि तरी ताबा आईकडेच कायम झाला. एका पालकाजवळच राहिलेलं मूल दुसऱ्याबद्दल जे बोलतं ते नेहमी त्याचंच असतं असं नाही, हे तिथे कोर्टाने उघड बोलून दाखवलं. दोन्ही निकाल मुळातून वाच. हेडनोटवर, म्हणजे वर छापलेल्या सारांशावर, भागवू नकोस, आपल्याकडे ती सवय फार झालीय.

आता कटू भाग. पहिलं अपील म्हणजे कोर्ट पुरावाही नव्याने तपासतं आणि कायदाही, हे आर.एल. लॉ कॉलेजात शिकवलंच असेल. पण साक्षीदार खालच्या न्यायाधीशांनी डोळ्यांनी पाहिलेले असतात. तिथे कोणावर विश्वास ठेवला याला हायकोर्ट सहज हात लावत नाही. एकाच पुराव्यावरून दोन मतं होऊ शकत असतील आणि खालच्या कोर्टाने त्यातलं एक कारणं देऊन स्वीकारलं असेल, तर केवळ दुसरं मत बरं वाटतं म्हणून निकाल फिरेल अशी आशा धरू नये. आणि ताब्याच्या कामात आणखी एक गोष्ट असते जी जमिनीच्या अपिलात नसते. जमीन आहे तिथेच राहते. पोरगं आईच्या माहेरी, चंदगडला, रोज सकाळी उठून शाळेत जातं. तिथे त्याचे मित्र झालेत, मावशीकडे अभ्यास करतो. कलम ६ चा मुद्दा तू शंभर टक्के जिंकलास तरी न्यायमूर्ती पुढचा प्रश्न विचारतील: बरं, आज हलवायचं का त्याला? निकाल चुकीच्या कारणावर दिला असेल आणि तरी मुलाच्या हिताचा निघेल, असं होतं. अशिलाला हे आत्ताच सांग. वकील फी घेईपर्यंत गोड बोलतो, ही तक्रार मी आयुष्यभर ऐकत आलेय.

म्हणून मागणी नुसती ‘ताबा द्या’ एवढी ठेवू नको. त्याच अपिलात पर्यायी मागणी घाल, भेटींची. निकालात महिन्यातले दोन रविवार कोर्टाच्या आवारात दोन-दोन तास दिलेत, एवढंच का याचं एकही कारण दिलेलं नाही, आणि सुट्ट्यांचं तर नावच नाही. हे अपिलात टिकणारं आहे. यशिता साहू निकालात (२०२०) सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की दोन्ही आईबापांचं प्रेम हा मुलाचा हक्क आहे. ज्याच्याकडे ताबा नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं का होईना मुलाशी बोलता आलं पाहिजे, लांब असेल तर व्हिडिओ कॉलवर. बापाचं खानापूर ते चंदगड काही अमेरिका नव्हे. अर्धी मे महिन्याची सुटी, दिवाळीतले चार दिवस, गणपतीला आजोबांच्या घरी दीड दिवस, रोज रात्रीचा फोन: तारखा, वेळा, नेणार कोण, आणून सोडणार कोण, असं सगळं लिहून मागितलंस तर न्यायमूर्तींनाही आदेश द्यायला सोपं जातं. ‘योग्य त्या भेटी द्याव्यात’ अशा मोघम वाक्यावर पुढे चार वर्षं भांडण चालतं.

आणि त्याला बजाव, अपील दाखल झालं म्हणजे निकाल थांबला असं होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ नियम ५ खाली वेगळा अर्ज करून स्थगिती मागावी लागते, आणि ती मिळेलच असं नाही. ‘अपील टाकलंय’ म्हणून येत्या रविवारी भेटीला नेलेलं पोर त्याने परत पाठवलं नाही, तर धारवाडात, हायकोर्टाच्या खंडपीठापुढे, पहिल्याच दिवशी मुद्दा कलम ६ चा राहणार नाही, त्याच्या वागण्याचा होईल. वर मूल कोर्टापुढे हजर करा म्हणून हेबिअस कॉर्पसची नोटीस येईल ती वेगळीच. मूल बेकायदा अडकवलंय म्हणून त्या रस्त्याने आलेल्या कामातसुद्धा कोर्ट शेवटी मुलाचं हितच बघतं, पण ते बघताना हुकूम मोडणाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहतं ते तुला सांगायला नको.

प्रत्येक हुकमाला अपील नसतं हेही लक्षात ठेव, कारण असे अशील तुझ्याकडे दर आठवड्याला येतील. दावा चालू असताना दिलेल्या अंतरिम ताब्यावर किंवा सुटीपुरत्या भेटीवर कलम १९ खाली अपील नाही. तिथे संविधानाच्या कलम २२७ खाली हायकोर्टात रिट अर्ज करायचा, आणि तिथे हायकोर्ट पुरावा पुन्हा तोलत बसत नाही, अधिकार ओलांडलाय का, उघड चूक आहे का, एवढंच बघतं. दोघांच्या संमतीने झालेल्या हुकमावर अपील नाहीच. मध्यस्थीत सही केली आणि महिन्याने आईने कान भरले म्हणून पलटला, त्याला धारवाडची वाट दाखवू नकोस.

तिसरी जात आहे परिस्थिती बदललेल्यांची. आईने दुसरं लग्न केलं, बापाची बदली झाली, मुलाला दम्याचा त्रास सुरू झाला. हे खालच्या निकालाचे दोष नाहीत, निकालानंतरच्या घटना आहेत. त्यासाठी मूळ कोर्टातच हुकूम बदलून मागायचा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये तशी सोय आहे, आणि ताब्याचा हुकूम स्वभावतःच कायमचा नसतो, हे सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये रोझी जेकबच्या कामात सांगून ठेवलंय. मुलं म्हणजे आईबापाची मालमत्ता नव्हे, खेळणीही नव्हे, हेही त्याच निकालातलं. अपील चालू असतानाच असं काही घडलं तर आदेश ४१ नियम २७ खाली जादा पुराव्याचा अर्ज करता येतो. चंदगडच्या शाळेचं यंदाचं प्रगतिपुस्तक तसं आणता येईल. पण ते तुझ्या बाजूचं आहे का, हे आधी बघून घे!

आपल्या भागाची गुंतागुंत तुला पुस्तकात सापडणार नाही. सासर कर्नाटकात, माहेर महाराष्ट्रात, मधे एक ओढा किंवा टोलनाका. १८९० च्या कायद्याप्रमाणे अर्ज तिथे करायचा जिथे मूल सामान्यतः राहतं, आणि ‘सामान्यतः’ म्हणजे काय हे पुराव्याने ठरतं. तुझ्या कामात बेळगावच्या कोर्टाने निकाल दिलाय, आईने खाली हद्दीची हरकत घेतली नव्हती, तेव्हा अपील धारवाडलाच. पण उद्या नवा अर्ज करायची वेळ आली आणि पोर चार वर्षं चंदगडलाच असेल, तर ती बाई कोल्हापूर जिल्ह्याच्या कोर्टाकडे बोट दाखवणार. तिकडची अपिलं ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे जातात. एका राज्यातलं काम दुसऱ्या राज्यात हलवायचं तर सुप्रीम कोर्टाचं दार. म्हणजे एका पोराच्या मे महिन्याच्या सुटीसाठी दिल्ली. दोन्ही पक्षांना हा हिशेब समजावून सांगितला की निम्मी भांडणं बाहेरच मिटतात, माझा तरी तसा अनुभव आहे.

एक मुद्दा मात्र मसुद्यातून आजच काढ: ‘मुलाची भाषिक व सांस्कृतिक ओळख’. बाप म्हणतो मराठी शाळा, आई म्हणते तिकडेही मराठीच शाळा. मग राहिलं काय? सीमाप्रश्नाचा महाराष्ट्राचा २००४ चा दावा सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथेच असू दे. शाळेबद्दल बोलायचंच तर एवढं बोल की मधेच शाळा बदलली तर पोराचं वर्ष वाया जातं का, नवीन भाषा पहिलीपासून शिकावी लागते का. हे दोन्ही बाजूंनी कापतं, तेव्हा जपून.

रेकॉर्ड. यावर सगळ्यात जास्त वेळ घाल. कुटुंब न्यायालयात साक्ष शब्दशः लिहून घ्यावीच लागते असं नाही, तिचा सारांश नोंदवून साक्षीदाराची सही घेतली तरी चालतं. तुझ्या अशिलाची आई मराठीत बोलली, नोंद कन्नडमध्ये झाली, आणि हायकोर्टात तू ती इंग्रजीत वाचणार. आजीबाईंनी सही केली तेव्हा कोणी वाचून दाखवलं होतं का, विचार. आजी म्हणाल्या असतील ‘मी हाय तवर सांभाळीन’, आणि कागदावर आलं असेल की आजी वृद्ध असून सांभाळू शकत नाही. असं काही असेल तर ते निकालात वापरलंय का ते शोध. वापरलं नसेल तर सोडून दे. निकालावर परिणाम न झालेली चूक अपिलात मिरवण्यात अर्थ नाही. मराठी कागदांची, पत्रं असोत की शाळेचा दाखला, इंग्रजी भाषांतरं आत्ताच करून घे. ऐन वेळी कोर्ट रोडवर माणूस शोधत फिरशील.

मुदतीचं सांगते आणि थांबते. कलम १९ खाली तीस दिवस. हिंदू विवाह कायद्याखाली नव्वद, आणि कुटुंब न्यायालयाच्या हुकमाला कोणती मुदत लागू यावर वकील तासन् तास वाद घालतात. तू वादात पडू नको, तीसच धर. निकालाची सर्टिफाइड कॉपी मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण अर्ज वेळेत केला असेल तरच. तुझ्या कागदांत कॉपीचा अर्ज केल्याची तारीख मला कुठेच दिसली नाही.

उद्या सकाळी अकराच्या आत कॉपी सेक्शनला जाऊन ती तारीख बघ आणि मला फोन कर. दिवस उलटून गेले असतील तर विलंब माफीचा अर्ज मसुद्याच्या आधी तयार करावा लागेल, आणि मग अशिलाला एकट्याला नको, आजीबाईंनाही घेऊन ये.

आशीर्वाद आहेतच.

तुझी,
सिनियर